बर्फालाही भरती-ओहोटी असते

फाल्गुन लागला की आमच्या केळव्याच्या वाड्यांतून आंब्याचा मोहोर दरवळू लागतो, वाघोबा खिंडीच्या उतारावर पळस फुलतो, आणि कॉलेजच्या व्हरांड्यात एकाएकी बर्फाच्या गोष्टी सुरू होतात. परीक्षा कधी संपते, दिल्लीपर्यंतचे आरक्षण मिळते का, बूट भाड्याने घ्यावेत की विकत, अशी कुजबुज वर्गाच्या मागच्या बाकांवरून पुढच्या बाकांपर्यंत येते. मग एखाद्या संध्याकाळी कोणाचे तरी वडील बाजारात गाठतात आणि विचारतात, "सर, मुलगी हिमालयात जाईन म्हणते. बर्फातून चालायचे आहे म्हणे. पाठवावी काय?"

पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न आता दर वर्षी निघतो. पूर्वी हिमालय म्हणजे म्हातारपणीची बद्री-केदारची यात्रा. आता तो विशीतल्या मुलांच्या सुट्टीचा विषय झाला आहे. त्यात वाईट काहीच नाही. महाराष्ट्राला ही हौस नवीनही नाही. काकासाहेब कालेलकरांनी १९१२ साली हिमालयाची वाट पायांखाली घातली आणि पुढे तिचे वर्णन गुजरातीत लिहिले. मुंबईची 'गिरिविहार' ही संस्था १९५४ ची, पुण्याची 'गिरिप्रेमी' १९८२ ची. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील 'गिरिप्रेमी'च्या आठ जणांनी तेच शिखर गाठले, आणि २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर उभे राहिले. अशी परंपरा असलेल्या प्रांतातल्या मुलांना घरी बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण परंपरा शिखरवीरांची असली, तरी जाणारी बहुतेक मुले शिखरवीर नसतात. ती तुमच्याआमच्या घरातली, समुद्रसपाटीवर वाढलेली, लोकलच्या गर्दीला सरावलेली मुले असतात. त्यांनी बर्फ पाहिलेला असतो तो सिनेमात, नाहीतर सरबताच्या पेल्यात. म्हणून 'पाठवावी काय' यापेक्षा 'काय शिकवून पाठवावी' हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एक शब्द, तीन पदार्थ

पेशाने मराठीचा शिक्षक असल्यामुळे आधी शब्दाकडे पाहतो. 'बर्फ' हा शब्द आपण फारसीकडून घेतला, आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत कणांना, गोठलेल्या पाण्याच्या लादीला आणि सरबतातल्या खड्यांना सरसकट तोच एक शब्द वापरला. 'हिम' हा संस्कृत शब्द आहे, पण तो पुस्तकात राहिला. आपल्या किनाऱ्यावर बर्फ येतो तो सातपाटीच्या बोटींत पापलेट टिकवण्यासाठी भरलेला. त्याला एकच शब्द पुरतो.

उलट पाण्याने भिजलेल्या जमिनीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. चिखल, राड, रेंदा, गाळ. शिवाय निसरडे, बुळबुळीत, गुळगुळीत. ज्या गोष्टीवर पाय घसरण्याची भीती रोजची असते, तिला भाषा बारकाईने ओळखते. बर्फाशी आपला तसा संबंध आला नाही, म्हणून आपली भाषा तेथे मुकी आहे. आणि भाषा मुकी असली की डोळेही आंधळे होतात. नवखा मनुष्य सगळीकडे 'बर्फच बर्फ' पाहतो. वस्तुतः वसंताच्या आरंभी पहाडातल्या वाटेवर त्याला निदान तीन निरनिराळे पदार्थ भेटतात.

पहिला ताजा, पिठासारखा बर्फ. तो मऊ, त्यात पाय घोट्यापर्यंत जातो, पडले तरी फारसे लागत नाही. पण उभ्या उतारावर खालच्या जुन्या थराशी तो नीट चिकटलेला नसला, तर सबंध थरच घसरू शकतो. दुसरा, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला दाणेदार बर्फ. हा पहाटे रस्त्यासारखा टणक आणि दुपारी साबुदाण्याच्या खिचडीसारखा. तिसरा सर्वांत कपटी. वाटेवर झिरपलेले पाणी रात्री गोठते आणि त्याची पारदर्शक काच होते. खालची माती दिसत असते, म्हणून मनुष्य निर्धास्त पाऊल टाकतो आणि पुढच्या क्षणी आडवा होतो. देवदारांच्या सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर आणि वळणांवर ही काच हमखास असते. चढताना सगळ्यांना शिखराचे भय वाटते. हातपाय मात्र मोडतात ते बहुधा उतरताना, अशा एखाद्या साध्या वळणावर.

तिथीची पाऊणपट

आता आपल्या गावाकडे येऊ. केळव्याला खाडीच्या मुखाशी असलेला पाणकोट वाचकांपैकी काहींनी पाहिला असेल. १७३९ साली वसईच्या मोहिमेत माहीम-केळव्याचा हा किनारा मराठ्यांच्या हाती आला, त्या काळाचा तो साक्षीदार. या कोटापर्यंत ओहोटीला चालत जाता येते. भरती लागली की तोच रस्ता पाण्याखाली जातो. शहरातून आलेले पाहुणे किल्ला पाहतात. गावचा मनुष्य आधी पाणी पाहतो.

पाणी पाहण्याची आपल्या कोळी-मांगेल्यांची रीत पिढीजात आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमी असेल तर सहाला. स्थळपरत्वे थोडे पुढेमागे होते, पण हिशेब चुकत नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. ज्याला घड्याळ नव्हते, त्यालाही हे गणित येत होते, कारण त्यावर पोट आणि प्राण दोन्ही अवलंबून होते.

वसंतातल्या बर्फालाही अशीच भरती-ओहोटी असते. फरक एवढाच, की तिचा धनी चंद्र नसून सूर्य आहे. रात्री आकाश निरभ्र असले, की बर्फाच्या पृष्ठभागातली उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि वरचा थर टणक होतो. हवा शून्य अंशाच्या किंचित वर असली तरीही हे घडते. पहाटे चार ते सकाळी आठ-नऊ ही चालण्याची वेळ. मग ऊन चढते, बर्फ सुटू लागतो, दुपारी मांडीपर्यंत पाय रुतू लागतात. काळे खडक उन्हाने तापतात आणि त्यांच्या कडेचा बर्फ आतून पोखरला जातो. झाडांच्या बुंध्याभोवतीही पोकळी असते. ओढ्यावर पसरलेला बर्फाचा पूल सकाळी माणसांचे वजन सहज घेतो आणि दुपारी त्याचा भरवसा उरत नाही. ओल्या बर्फाच्या घसरणीही याच वेळी सुटतात; तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार त्या बाबतीत विशेष धोक्याचे.

या गणितात एक मेख आहे. रात्री ढग असले तर ते गोधडीसारखे काम करतात. उष्णता निसटत नाही, बर्फ गोठत नाही, आणि पहाटेची 'ओहोटी' त्या दिवशी येतच नाही. घड्याळात चार वाजलेले असतात, पण बर्फाच्या हिशेबाने ती दुपारच असते.

आज नाही

काही वर्षांपूर्वी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ मुलामुलींबरोबर मी केदारकंठाला गेलो होतो. पाच कॉलेजातली, चार शिकून बाहेर पडलेली आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली. केदारकंठा हे उत्तरकाशी जिल्ह्यातले सुमारे साडेबारा हजार फुटांचे शिखर. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी असा दिवसभराचा मोटारीचा प्रवास करून सांकरी या गावी पोहोचायचे. तेथून देवदार-ओकच्या रानातून जुडा का तालाब, त्यावर शिखराच्या पायथ्याचा तळ, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात शिखराची चढण. आपल्याकडे पळस फुलतो त्याच दिवसांत तिकडे बुरांस फुलतो. पांढऱ्या उतारावर लालभडक फुले पाहून आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर पळसाचा मावसभाऊ!" वनस्पतिशास्त्राला हे नाते मान्य नाही, पण आम्हा सर्वांना ते पटले.

तळावर पोहोचलो त्या दुपारी तास-दोन तास हिमवर्षाव झाला. संध्याकाळी तो थांबला, पण आकाश उघडले नाही. पहाटे साडेतीनला सगळे बूट बांधून, डोक्याला दिवे लावून तयार. आमचा वाटाड्या सांकरीजवळच्या गावातला, पन्नाशीचा. तो तंबूपासून शंभर पावले वर गेला, हातातली काठी बर्फात खुपसली, ती अर्धीअधिक आत गेली. दोन ठिकाणी आणखी पाहिले. परत येऊन मला म्हणाला, "गुरुजी, आज नहीं."

मुलांचे चेहरे पडले. एक जण तर चिडलाच. त्याने वर्षभर पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून हे पैसे जमवले होते, रजा महत्प्रयासाने मिळवली होती. "सर, शिखर समोर दिसतंय. पुढचे दोन तास चढून बघू, नाही जमलं तर परत येऊ. इथवर येऊन मागे फिरायचं?" त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. पैसे खरे होते, रजा खरी होती, इच्छाही खरी होती. खोटा होता तो फक्त बर्फ.

मी काही बोलण्याआधी आमच्या केळव्याचाच एक मुलगा, ज्याच्या घरी तीन पिढ्या मासेमारी चालली, शांतपणे म्हणाला, "अरे, ओहोटी चुकली तर माझा आजा पाणकोटाकडे पाऊल टाकत नसे. पाहुणे कितीही लांबून आले असोत. म्हणायचा, कोट कुठे जातोय?"

वाद तेथेच संपला, रुसवा मात्र राहिला. आमच्याजवळ जादा दिवस नव्हता. परतीचे तिकीट ठरलेले होते. आम्ही उजाडल्यावर खाली उतरलो. उतरतानाही मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत पाय जात होते, आणि जे अंतर दोन तासांत संपायचे त्याला चार तास लागले. वर गेलो असतो तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झाले नसते. पण 'कदाचित' या शब्दावर नऊ घरांतली मुले टांगायची नसतात. तो चिडलेला मुलगा पुढच्या वर्षी जादा दोन दिवस हाताशी ठेवून पुन्हा गेला, निरभ्र रात्रीनंतरच्या पहाटे शिखरावर पोहोचला, आणि तेथून दिसणाऱ्या स्वर्गारोहिणी व बंदरपूछ या शिखरांचा फोटो मला पाठवून खाली लिहिले : 'सर, ओहोटी मिळाली.'

सगळ्यांच्या वाट्याला अशी दुसरी संधी येत नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीकडच्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांच्या तुकडीला हिमवादळाने गाठले आणि नऊ जण दगावले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखरावर, उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर हिमकडा कोसळला. प्रशिक्षकांसह एकोणतीस माणसे गेली. ती तर शिकलेली, सज्ज माणसे होती. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पर्वत कोणाची हौस, अनुभव किंवा भरलेली फी पाहत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

पाऊल कसे टाकावे

बर्फावर चालणे हे शिकण्याजोगे कसब आहे. चढताना बुटाचे टोक बर्फात मारून छोटी पायरी करावी आणि मगच वजन टाकावे. पुढच्याने केलेल्या पायऱ्यांतच मागच्यांनी पाय ठेवावेत. उतरताना टाच आधी रोवावी. भीतीने मनुष्य मागे रेलतो आणि म्हणूनच घसरतो. शरीराचा भार पावलांवर सरळ यायला हवा. काचेसारख्या बर्फावर टाच-टोक काही नाही. सबंध तळवा एकदम टेकवून, लहान लहान पावले टाकावीत. बुटाच्या तळाला रबरी पट्ट्यांनी ताणून बसवायचे लोखंडी दाते मिळतात. ते अशा ठिकाणी फार उपयोगी पडतात, मात्र ते बांधून गंमत म्हणून घसरगुंडी खेळू नये. दाता बर्फात अडकला की घोटा मोडतो.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावरची सवय उलटी करावी लागते. येथे आपल्याला सुती कपडा प्रिय. तेथे तो घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर ऊब धरणारा, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा, अशी तीन पदरांची योजना उत्तम. मोज्यांची एक कोरडी जोडी केवळ झोपण्यासाठी राखावी. बोटे पांढरी व बधिर झाली तर ती बर्फाने चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. काखेत किंवा पोटाशी धरून हळूहळू ऊब द्यावी.

काळा चष्मा ही तेथे चैनीची वस्तू नव्हे. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा शेकडा ऐंशी-नव्वद भाग परत फेकतो. दिवसभर काही वाटत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि उघडवत नाहीत.

आणि हवेविषयी. केदारकंठाच्या माथ्यावर हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे बासष्ट टक्के असतो. म्हणजे केळव्याला पाच श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, त्यासाठी तेथे आठ श्वास घ्यावे लागतात. डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही सूचना समजावी आणि बरे वाटेपर्यंत आणखी वर जाऊ नये. दहा हजार फुटांच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला दीड हजार फुटांहून फारशी वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे; त्या हिशेबाने केदारकंठाचे चार दिवसांचे कार्यक्रम घाईचेच म्हणावे लागतील. चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली उतरवावे. या दुखण्यावर पहिले औषध उतरणे हेच. 'थोडे डोके दुखते, पण सांगितले तर सगळे थांबतील' म्हणून गप्प बसणारी मुले सगळ्यांत जास्त धोक्यात असतात.

घरच्या डोंगरावर तालीम

यातले पुष्कळसे शिकायला हिमालयात जावे लागत नाही. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढता येतो. महामार्गापासून आत, खोडकोना गावातून अशेरीगड चढता येतो. दोन्ही दीड-पावणेदोन हजार फुटांच्या आतबाहेरचे. पावसाळ्यात त्यांच्या वाटांवर शेवाळ धरते आणि ओला कातळ काचेइतकाच निसरडा होतो. लहान पावले, सबंध तळवा, शरीर सरळ, काठी आधी व पाय मागाहून, हा सगळा धडा तेथे फुकट मिळतो. पाठीवर सात-आठ किलोचे ओझे घेऊन महिन्यातून दोनदा अशेरी चढणाऱ्या मुलाला सांकरीची चढण परकी वाटणार नाही. बर्फात खाली घसरू लागल्यावर पालथे होऊन कोपर-गुडघ्यांनी स्वतःला थोपवण्याचा सराव मात्र बर्फातच, सौम्य उतारावर, जाणत्याच्या देखरेखीखाली करावा. ज्यांना खरीच गोडी लागेल त्यांच्यासाठी दार्जिलिंग (१९५४), मनाली (१९६१) आणि उत्तरकाशी (१९६५) येथील सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. महिनाभराच्या त्या शिक्षणाला तोड नाही.

आता आईवडिलांकडे वळतो. बाजारात मला विचारला जाणारा प्रश्न त्यांनी मुलांना आणि त्यांना नेणाऱ्यांना विचारावा, पण थोडा निराळ्या रीतीने. कार्यक्रमात एखादा जादा दिवस राखला आहे काय? वाटाड्या त्याच खोऱ्यातला आहे काय, आणि 'आज नाही' हा त्याचा शब्द अखेरचा मानला जाईल काय? कोणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली उतरायला दुसरा जाणता मनुष्य आहे काय? या तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर मुलीला अवश्य पाठवा, मुलालाही पाठवा. गोलमाल मिळाली तर त्या वर्षी अशेरीगडच बरा.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्याच हातात आहे. मूल शिखर न गाठता परत आले, तर दारातच "म्हणजे पोहोचला नाहीस?" असे विचारू नका. शेजारच्याचा मुलगा पोहोचला होता, हेही त्या दिवशी सांगू नका. मागे फिरण्याचे धैर्य पहाडात ऐन वेळी येत नाही; परत आल्यावर घरी आपले हसे होणार नाही, ही खात्री आधीपासून मनात असावी लागते. त्याला आधी गरम पाण्याने आंघोळ करू द्या, पानात भात वाढा, आणि बर्फ कसा होता ते विचारा. ते तो रात्रभर सांगेल.